हुकूम सोडणं आणि हुकूम मागे घेणं



इतिहास म्हटलं की सनावळ्या, लढाया आणि तह. निवृत्त होईपर्यंत मी वर्गात तोच शिकवत आले. पण नियमांनाही इतिहास असतो, आणि तो कधीकधी राजांच्या इतिहासापेक्षा जास्त बोलका असतो. बुद्धिबळाचंच घ्या. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. युरोपात त्याला दोन घरांची मुभा मिळाली, कारण तिथल्या लोकांना खेळ लवकर रंगायला हवा होता. एका प्याद्याच्या एका घरात केवढी आवडनिवड भरलेली आहे पाहा!

आज मला अशाच दोन लहानशा नियमांचा इतिहास सांगायचा आहे. खेळ मात्र संगणकावरचे आहेत, लढाईचे. पहिला नियम असा, की हाताखालच्या सैनिकाने किंवा कामगाराने न सांगता, आपण होऊन किती काम करावं? आणि दुसरा असा, की एखादी गोष्ट बनवायला घेतली आणि मध्येच रद्द केली, तर खर्च केलेल्या पैशांतले किती परत मिळावेत?

‘आजीबाईंना हे कुठून सुचलं’ असं काहीजण म्हणतीलच, म्हणून सांगून टाकते. माझा मुलगा कॉलेजात असताना, २००० सालच्या आसपास, पुण्यात सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून मित्रांबरोबर हे खेळ खेळायचा. आता नातू घरी बसून खेळतो. दोघांचं एका बाबतीत अजिबात पटत नाही. मुलगा म्हणतो, “सगळं आपोआप व्हायला लागलं तर तुम्ही खेळता काय?” नातू म्हणतो, “बाबा, तेच शेत पुन्हा पुन्हा पेरायला क्लिक करत बसायचं, याला खेळ म्हणायचं का?” जेवणाच्या टेबलावर हा वाद इतक्या वेळा ऐकला, की शेवटी दोघांना प्रश्न विचारून, थोडं वाचून, त्यांच्या शेजारी बसून पाहून या दोन नियमांची वंशावळच काढली.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः आमच्या ताई आणि वहिनींसाठी!) दोन शब्द. बुद्धिबळात पाळी असते. तुम्ही खेळी करेपर्यंत समोरचा थांबतो. या खेळांत पाळी नाही. दोघेही एकाच वेळी खेळतात आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. इंग्रजीत त्यांना ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. लाकूड, सोनं, धान्य असं काहीबाही गोळा करायचं, त्यातून घरं, बराकी, कारखाने उभारायचे, सैन्य तयार करायचं आणि समोरच्याचं राज्य बुडवायचं. या खेळांत तीन गोष्टी खर्च होतात. एक पैसा, दुसरा वेळ आणि तिसरं लक्ष. पडद्यावर आकडा दिसतो तो फक्त पैशाचा. पण खरी ओढाताण असते ती लक्षाची, कारण राज्य मोठं आणि डोळे दोनच. वरचे दोन्ही नियम या तीन खर्चांशी बांधलेले आहेत.

आता मुळापासून.

१९८९ साली जपानमधल्या टेक्नोसॉफ्ट कंपनीने सेगाच्या यंत्रासाठी ‘हर्झोग झ्वाय’ नावाचा खेळ काढला. त्यात खेळाडूकडे एक विमान असतं, त्याचाच यंत्रमानवही होतो. रणगाडे, पायदळ विकत घ्यायचं आणि प्रत्येकाला एका ठरलेल्या यादीतून हुकूम द्यायचा. इथे पहारा दे, तिथे गस्त घाल, तो तळ घे. एकदा हुकूम दिला की तो रणगाडा आपला आपण वागतो. आणि गंमत अशी, की हुकूम बदलायचा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात! म्हणजे या प्रकारच्या खेळांची अजून धड बारशीही झाली नव्हती, तेव्हाच दोन्ही प्रश्न एकाच पानावर मांडलेले होते. शिपायाला स्वतःची बुद्धी किती, आणि मालकाने मन बदललं तर भुर्दंड किती.

पुढे १९९२ साली अमेरिकेत लास व्हेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजने ‘ड्यून टू’ काढला. पुढच्या बहुतेक खेळांचा साचा इथे पडला. वाळवंटात एक मौल्यवान मसाला सापडतो, तो गोळा करणारी अजस्र गाडी असते. ही गाडी आपण होऊन मसाला शोधते, पोट भरलं की आपण होऊन कारखान्यात येऊन रिकामी होते आणि पुन्हा निघते. सैनिकांना मात्र एकेक करून निवडायचं, ‘जा’ म्हणायचं आणि जागा दाखवायची. दहा रणगाडे हलवायचे तर हे सगळं दहादा. म्हणजे कमावणारा स्वतंत्र आणि लढणारा पूर्ण परतंत्र. पण त्या स्वतंत्र गाडीचीही एक खोड होती. मसाला शोधता शोधता ती सरळ शत्रूच्या दारात जायची, नाहीतर वाळूतल्या प्रचंड अळीच्या तोंडात. आपोआप काम करणाऱ्याला कामाची जाण असते, धोक्याची असतेच असं नाही, हा या खेळांचा पहिला धडा.

यानंतर एकावेळी किती सैनिक हलवता यावेत याची चढती भाजणी दिसते. ब्लिझार्ड कंपनीच्या १९९४ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चार, १९९५ च्या दुसऱ्या भागात नऊ, १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये बारा. प्रत्येक आकडा म्हणजे ‘खेळाडूच्या हाताला एवढं काम ठेवायचं’ असा एकेक निर्णयच होता.

याच सुमाराला ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला. आमच्या चिरंजीवांचा लाडका. १९९७ चा पहिला भाग इतका कडक होता, की एक गावकरी तयार होईपर्यंत दुसऱ्याची मागणीसुद्धा नोंदवता येत नसे. रांग लावायची सोय १९९८ च्या ‘राइज ऑफ रोम’ या पुरवणीत आली. १९९९ च्या दुसऱ्या भागात बिनकामाचा गावकरी शोधून देणारं बटण आलं. पण सगळ्यात सुरस कथा आहे ती शेताची. या दुसऱ्या भागात एक शेत करायला ६० लाकूड लागतं. सुरुवातीला त्यातून १७५ धान्य निघतं आणि मग जमीन संपते. गावकरी तिथेच हात बांधून उभा. लढाई ऐन भरात असताना राजाने धावत येऊन ‘बाबा रे, पुन्हा पेर’ असं सांगायचं! २००० च्या ‘कॉन्करर्स’ पुरवणीत गिरणीवर आगाऊ पेरणीचे पैसे भरून ठेवायची सोय झाली. आणि २०१९ साली निघालेल्या नव्या आवृत्तीत एकदाच खूण केली की शेत आपोआप पेरलं जाऊ लागलं. एका पेरणीचा हा वीस वर्षांचा प्रवास. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती झाली आहे. पेरायचं कधी हे शेतकऱ्याला राजाने येऊन सांगावं लागतं, हे ऐकून आमच्या वडिलांनी काय म्हटलं असतं, याची कल्पना तुम्हीच करा.

या खेळात सैनिकाला स्वभावही देता येतो. आक्रमक, बचावाचा, किंवा जागा न सोडणारा. आक्रमक शिपाई शत्रूचा एक घोडेस्वार दिसला की त्याच्या मागे धावतो. स्वार हुशार असेल तर त्याला पळवत पळवत आपल्या किल्ल्याच्या बाणांखाली आणतो. शिपाई मेला. हुकूम कुणी दिला नव्हता. मग चूक कुणाची? स्वभाव ठरवून देणाऱ्याची, असंच म्हणावं लागतं. स्टारक्राफ्टमध्ये याहून कडू उदाहरण आहे. तिथला तोफेचा रणगाडा जमिनीत रोवून बसला, की दिसेल त्या शत्रूवर आपण होऊन गोळे टाकतो, आणि गोळ्याचा स्फोट शेजारच्या आपल्या माणसांनाही लागतो. हे ठाऊक असलेला खेळाडू आपले दोन-चार शिपाई विमानातून थेट त्या रणगाड्यांच्या मधोमध सोडतो. रणगाडे इमानेइतबारे एकमेकांनाच उडवतात. जो आपोआप वागतो तो काय करणार हे शत्रूला आधीच कळतं. ही आपोआपपणाची खरी किंमत.

आता दुसरा नियम, परताव्याचा. मला स्वतःला हा जास्त आवडला.

पैसे घ्यायच्या दोन पद्धती आहेत. वेस्टवूडच्या १९९५ च्या ‘कमांड अँड कॉन्कर’मध्ये वस्तू जसजशी बनत जाते तसतसे पैसे कापले जातात. गवंड्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्यावेत तसं. पैसे संपले की काम थांबतं. मध्येच रद्द केलं तर तोवर गेलेले सगळे परत. बांधून झालेली इमारत विकायची मात्र निम्म्या भावात, वर तिच्यातून काही शिपाई बाहेर पडतात. यातून एक झकास लबाडी निघाली. एक इंजिनिअर शत्रूच्या इमारतीत घुसवायचा, ती आपल्या नावावर करायची आणि लगेच विकून टाकायची. घर त्यांचं, पैसे आपले!

ब्लिझार्डच्या पद्धतीत सगळी रक्कम आधी मोजायची. स्टारक्राफ्टमध्ये बराकीत तयार होत असलेला शिपाई रद्द केला तर शंभर टक्के परत मिळतात, अर्धवट बांधलेली इमारत रद्द केली तर पंचाहत्तर. आता हा पंचवीस टक्क्यांचा फरक कशाला? मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, “आजी, नाहीतर लोक फुकट खोटं बोलतील ना!”

त्याने समजावलं ते असं. शत्रूचा टेहळ्या आपल्या गावात येतो. त्याला दिसेल अशी एक इमारत सुरू करायची, जणू आपण विमानं करणार आहोत. टेहळ्या पाहून गेला की इमारत रद्द. शत्रू विमानविरोधी तोफांवर पैसे घालून बसतो. या थापेची किंमत म्हणजे इमारतीच्या खर्चाचा चौथा हिस्सा. पूर्ण परतावा असता तर प्रत्येकाने प्रत्येक वेळी थाप मारली असती, आणि मग पाहण्याला अर्थच उरला नसता. परतावा शून्य असता तर थाप कुणालाच परवडली नसती. त्या पंचवीस टक्क्यांनी थापेला एक भाव दिला. दुसरीकडे, शत्रू अर्धवट इमारतीवर तुटून पडला आणि ती वाचत नाही असं दिसलं, तर कोसळायच्या अगदी आधी रद्द करून पाऊण पैसे सोडवून घेता येतात. हे नेमकं साधणं हीसुद्धा मोठी कला मानली जाते.

आणखी एक युक्ती ऐका. स्टारक्राफ्टच्या झर्ग जमातीत कामगार स्वतःच इमारत होतो, म्हणजे माणसांच्या मोजणीतून एक डोकं कमी. सुरुवातीला मर्यादा नऊ डोक्यांची. नऊ झाली की एका कामगाराची इमारत सुरू करायची, राहिली आठ. रिकाम्या जागेवर नवा कामगार मागवायचा. मग इमारत रद्द करायची, जुना कामगार जिवंत परत! झाली दहा. इमारतीचा खर्च ५० खनिजं, पाऊण हिस्सा परत, म्हणजे बारा-तेरा खनिजांत मर्यादेबाहेरचा एक माणूस. नियम करणाऱ्यांनी परतावा ठेवला होता चुकलेल्याला सावरायला. खेळाडूंनी त्यातून पळवाट काढली. शिक्षकांना हे नवीन नाही. शाळेत गैरहजेरीच्या अर्जाचा नियम केला, की तापाचे अर्ज वाढतात.

परताव्यावरून खरी खडाजंगी झाली ती ‘स्टारक्राफ्ट टू’मध्ये. हा २०१० साली आला. त्यात माणसांच्या सैन्याला बंकर बांधता येतो, खर्च १०० खनिजं. हा बंकर नंतर मोडीत काढता येत असे आणि शंभरच्या शंभर परत मिळत. मग लोक काय करू लागले? सुरुवातीलाच शत्रूच्या दारात बंकर बांधायचा, त्यात शिपाई बसवायचे. शत्रू बिचारा कामगारांना कामावरून उठवून लढायला आणतो, त्याची कमाई बुडते. हल्ला फसला तरी बंकर मोडायचा, पैसे खिशात टाकायचे आणि घरी यायचं. एकाला जिवाची धास्ती, दुसऱ्याला विनाखर्च प्रयोग. २०११ साली कंपनीने हा परतावा शंभरावरून पंचाहत्तर टक्क्यांवर आणला. फक्त २५ खनिजं. पण त्या पंचवीसने हल्ल्याला ‘निर्णय’ केलं. त्याआधी तो निर्णय नव्हता, सवय होती.

इथे एक बारीक गोष्ट सुटू नये. शिपाई रद्द केल्यावर पैसे पूर्ण परत मिळतात खरे, पण गेलेला वेळ परत मिळत नाही. बराक तेवढा वेळ अडकून पडली ती पडलीच. शिवाय रांगेतही पैसे अडकतात. स्टारक्राफ्टमध्ये बराकीत पाच शिपायांची रांग लावता येते, प्रत्येकी ५० खनिजं. तयार होत असतो एकच, पण २५० खनिजं आधीच गेलेली असतात. उरलेल्या २०० मध्ये १५० ची आणखी एक बराक उभी राहिली असती! म्हणून कसलेला खेळाडू रांग लांब लावत नाही. पुन्हा पुन्हा येऊन एकेक शिपाई मागवतो. आळशाला रांग सोयीची, पण सोयीचं व्याज भरावं लागतं.

आणि इथेच दोन्ही नियमांची गाठ पडते.

१९९७ साली ख्रिस टेलर यांच्या देखरेखीखाली ‘टोटल अ‍ॅनिहिलेशन’ नावाचा खेळ निघाला. त्यात पैसे बनता बनता कापले जातात. त्यामुळे कारखान्याला शंभर रणगाड्यांची रांग लावली तरी पैसे अडकत नाहीत. साहजिकच त्या खेळात कामगारांना गस्तीवर सोडलं की ते वाटेत मोडकं दिसेल ते दुरुस्त करतात, हुकुमांची लांबलचक माळ लावता येते आणि खेळाडू दुसरीकडे पाहू शकतो. तिथला परतावाही निराळा आहे. लढाईनंतर मोडक्या रणगाड्यांचे सांगाडे पडून राहतात आणि त्यांचं धातू कुणीही गोळा करू शकतं. रणांगण ज्याच्या हाती, परतावा त्याला. म्हणजे खर्च हळूहळू होत असेल तर हुकूम यंत्रावर सोपवणं स्वस्त पडतं. रक्कम आधी मोजायची असेल तर यंत्राने लावलेली प्रत्येक रांग तुमचं भांडवल अडकवते. यंत्र आपोआप ऑर्डरी देणार आणि त्या रद्द करायचा भुर्दंड मी भरणार, हा जमाखर्च कुणालाच पटणार नाही. म्हणून एक नियम बदलला की दुसराही हलवावा लागतो. तराजूचं एक पारडं हलवून दुसरं जागेवर राहत नाही.

आता त्या वादाकडे येते, ज्यात माझा मुलगा आणि नातू हे दोन फार छोटे सैनिक आहेत.

दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टचं वेड एवढं वाढलं, की २००० साली या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. व्यावसायिक खेळाडू, संघ, प्रशिक्षक, सगळं आलं. तिथले उत्तम खेळाडू मिनिटाला तीनशेच्या वर कळा-क्लिका करतात. त्यातल्या पुष्कळशा कशासाठी? नवा कामगार तयार झाला की त्याला हाताने खाणीवर पाठवायचं, प्रत्येक बराकीवर वेगळं जाऊन शिपाई मागवायचा. २००७ साली स्टारक्राफ्ट टूची घोषणा झाली आणि कळलं, की त्यात कामगार आपोआप खाणीवर जातील, अनेक बराकी एकदम निवडता येतील आणि बाराची मर्यादा जाईल. केवढा गहजब झाला! जुने म्हणाले, आमची वर्षांची तपश्चर्या एका बटणात घातलीत. नवे म्हणाले, आम्हाला सेनापती व्हायचंय, टंकलेखक नाही.

कंपनीने केलं काय? आपोआप कामाला जाणारे कामगार दिले, आणि मोकळ्या झालेल्या हातांना नवीन काम लावलं. झर्ग जमातीत एक राणी आणली, जिने ठरावीक वेळाने हुकूम मिळाल्यावरच जादा पिलांची सोय करायची. म्हणजे एक हमाली काढली, दुसरी घातली. २०१५ साली नव्या भागाच्या चाचणीत ही कामं काढून टाकून, काही आपोआप करून पाहिली, आणि शेवटी थोड्या बदललेल्या रूपात परत आणली. २०१७ मध्ये जुन्या स्टारक्राफ्टची नवी, सुबक चित्रांची आवृत्ती काढली तेव्हा मात्र बाराची मर्यादा आणि हाताने कामगार पाठवणं, सगळं जसंच्या तसं ठेवलं. वाडा रंगवला, पण उंबरठा उंचच ठेवला.

हातांचा वेग किती महत्त्वाचा, हे यंत्रानेच एकदा दाखवून दिलं. २०१९ च्या जानेवारीत लंडनच्या डीपमाइंड कंपनीने ‘अल्फास्टार’ नावाच्या आपल्या संगणक-खेळाडूने दोन व्यावसायिकांना हरवल्याचं जाहीर केलं. लगेच आक्षेप आला. ऐन चकमकीत त्याचा वेग कुणाही माणसाला जमणार नाही असा होता, आणि बराचसा नकाशा त्याला एकदम दिसत होता. त्याच वर्षी पुढे कंपनीने त्याच्या वेगावर आणि नजरेवर आणखी बंधनं घातली. तरीही तो सर्वोच्च श्रेणीत पोचला. पण लोकांना काय टोचलं ते पाहा. ‘तो जिंकला’ हे नाही. ‘तो विचाराने जिंकला की हाताने’ हे.

दुसऱ्या टोकालाही खेळ झाले. २००० सालच्या ‘मॅजेस्टी’मध्ये राजाला हुकूमच देता येत नाही! अमुक राक्षस मारेल त्याला इतकं बक्षीस असं निशाण रोवायचं आणि वाट पाहायची. कुणी लोभी असतो तो जातो, कुणी भित्रा असतो तो पळतो. २००३ च्या ‘राइज ऑफ नेशन्स’मध्ये रिकामा नागरिक थोडा वेळ थांबून स्वतःच काम शोधतो. आणि टोटल अ‍ॅनिहिलेशनच्या वंशातला, हौशी मंडळींनी बनवून फुकट दिलेला ‘झीरो-के’ तर म्हणतो, की तुमची लढाई समोरच्याशी असावी, बटणांशी नको. तिथले सैनिक आपण होऊन अंतर राखतात, संथ येणारे गोळे चुकवतात, आणि सांगून ठेवलं असेल तर ठरावीक जखम झाली की माघारी येतात.

हे सगळं पाहून झाल्यावर माझं मत काय? वर्गात असताना पाढ्यांवरून हाच वाद मी ऐकलेला आहे. गणकयंत्र हातात असताना एकोणतीसचा पाढा कशाला? पाढे पाठ असणं म्हणजे गणित येणं नव्हे हे खरं. पण ज्याला पाढे येतात त्याचं डोकं पुढच्या पायरीला मोकळं राहतं हेही खरं. म्हणून मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारते. हे काम करताना खेळाडू काही निवडतो का? शेत पुन्हा पेरावं की नाही याचं उत्तर शंभरात नव्याण्णव वेळा ‘पेरावं’ असंच असेल, तर ते काम खुशाल यंत्राला द्यावं. इथे मी नातवाच्या बाजूची. पण माघार कधी घ्यावी, कुणाला मरायला सोडावं, बारा जणांना कुठे उभं करावं, यात दर वेळी निराळं उत्तर असतं. ते यंत्राला दिलं तर उरतो तो नुसता देखावा. इथे मुलाचं बरोबर.

फक्त मुलाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या शंभरातल्या एका वेळी शेत पेरायचं नसतं. लाकूड संपत आलेलं असतं, शत्रू दारात असतो आणि ती ६० लाकडं भिंतीला हवी असतात. ज्याने शेताकडे पाहणंच सोडलं त्याला ही वेळ ओळखू येत नाही. आपोआप होणाऱ्या कामावरसुद्धा नजर असावी लागते, आणि नजर ठेवायचं वळण हाताने काम करूनच लागतं.

परताव्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. चौथीपर्यंत मुलं शिसपेन्सिलीने लिहीत. पुढे शाईचं पेन हाती आलं, की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं अक्षर सुधारायचं. कारण खोडता येणार नाही म्हटल्यावर लिहिण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. तरी मी शाईत एक रेघ मारून चूक दुरुस्त करायला कधी बंदी केली नाही. दुरुस्ती दिसली पाहिजे, एवढंच. पूर्ण परतावा म्हणजे पेन्सिल आणि शून्य परतावा म्हणजे दगडावरचं कोरीवकाम. पंचाहत्तर टक्के म्हणजे शाईतली ती एक रेघ. मन बदलायची मुभा असावी, पण ते बदलल्याची थोडीशी झळ लागावी. ती झळच आपल्याला पुढच्या वेळी आधी विचार करायला लावते.

आता बाहेरही बघा ना. किती कामं आपोआप होऊ लागली आहेत, आणि मागवलेलं किती सहज परत पाठवता येतं. बँकेतून हप्ते आपोआप जातात, पत्रांना उत्तरं यंत्र सुचवतं. यातलं नेमकं काय सोपवायचं आणि काय स्वतःच्या हातात ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. या खेळवाल्या मंडळींनी तीस-पस्तीस वर्षं त्यावर भांडून, आकडे बदलून, पुन्हा बदलून काही उत्तरं काढली आहेत. ती पोराटोरांच्या खेळातली म्हणून सोडून देऊ नयेत असं मला वाटतं.

असो. लेख लांबला. घरात कुणी हे खेळ खेळत असेल तर त्याला विचारून पाहा, शेत आपोआप पेरलं जावं की नाही, आणि का. उत्तरं मला जरूर कळवा. आमच्या टेबलावरचा निकाल अजून लागायचा आहे!